हलके जेवण आणि हिरवा पाला: कोणते पान कढईत केव्हा घालावे

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. होळी झाल्यापासून घरात जड जेवण जात नाही, म्हणून आपण रात्रीच्या स्वयंपाकात तेल, नारळ आणि दाण्याचे कूट कमी केले. त्याऐवजी आठवड्याला कोथिंबीर, पुदिना, शेपू आणि पालक अशा चार जुड्या आणायला सुरुवात केली. पण भाजी बेचव लागते, चटणी सकाळपर्यंत काळी पडते, शेपूला मुले हात लावत नाहीत आणि निम्मा पाला फ्रीजमध्ये सडतो. घरात दोन शाळकरी मुले आणि वयस्कर सासूबाई आहेत. अशा वेळी रात्रीचे जेवण हलके आणि तरीही चवीचे कसे करावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली चोवीस वर्षे पुण्यात घरगुती जेवणाचे डबे देते. दरवर्षी फाल्गुन सरता सरता माझ्या डब्यांतूनही हीच तक्रार परत येते: उसळ उरते, भात उरतो, आमटीवरचा तवंग तसाच राहतो. त्या अनुभवावरून मला असे वाटते की आपली खरी अडचण तेलाची नाही. आपण जेवणातून जडपणा काढला, पण त्याने जी चव धरून ठेवली होती तिच्या जागी काहीच आणले नाही. हिरवा पाला ती जागा नक्की भरून काढू शकतो. मात्र त्यासाठी त्याला ताटावर पेरायची शोभा न मानता पदार्थाचा मुख्य ऐवज मानावे लागते आणि कोणते पान कढईत केव्हा जाते याकडे मिनिटांच्या हिशेबाने पाहावे लागते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. जेवण चुलीवरून थेट पानात येणार असेल तर एक पद्धत चालते आणि चार तास डब्यात राहणार असेल तर दुसरी लागते. रात्री आठला जेवणाऱ्या घराला जे हलके वाटते, ते साडेदहाला जेवणाऱ्याला वाटेलच असे नाही. पालाही सगळीकडे सारखा नसतो. उन्हे वाढली की मेथी आणि कोथिंबीर लवकर फुलावर येतात. फुलावर आलेल्या कोथिंबिरीची वरची पाने रुंद न राहता शेपूसारखी बारीक, दोऱ्यासारखी होतात आणि तिचा वास निम्मा झालेला असतो. त्यामुळे मंडईत जुडी हातात घेतली की मी आधी तिचा शेंडा पाहते आणि मग एक पान चुरगळून वास घेते. मोठ्या पानांची तजेलदार जुडी दिसायला चांगली असते, पण चुरगळल्यावर जिचा वास बोटांना चिकटून राहतो ती लहान पानांची गावरान जुडी स्वयंपाकात जास्त पुरते.

आता वासाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. कोथिंबीर आणि पुदिना यांचा वास त्यांच्या पानांतल्या उडनशील तेलांत असतो. कढईतून वाफ वर जाते तेव्हा ही तेले तिच्याबरोबर निघून जातात. आमटी उकळताना सगळ्या घरात कोथिंबिरीचा घमघमाट सुटतो, याचा अर्थ तो वास आमटीत राहिलेला नाही. म्हणून ही दोन पाने, कांद्याच्या आणि ओल्या लसणाच्या पातीचे हिरवे शेंडे आणि शेपूचे अगदी कोवळे तुरे हे सगळे गॅस बंद केल्यावर घालावे, ढवळावे आणि दोन मिनिटे झाकण ठेवावे. याउलट कढीपत्ता, मेथी, कोथिंबिरीचे देठ आणि पातीचा पांढरा भाग यांना तेलाची आणि उष्णतेची गरज असते. कढीपत्ता वरून घातला तर तो नुसता तोंडात येतो. तोच तापलेल्या तेलात तडतडला की पदार्थाचा पाया होतो. देठ तर आपण बहुधा फेकून देत असाल. कोथिंबिरीच्या देठांना पानांइतकाच वास असतो आणि ते शिजणे जास्त सोसतात. मी ते अगदी बारीक चिरून फोडणीत हिरव्या मिरचीबरोबर घालते आणि पाने शेवटी घालते. एकाच जुडीचा वास असा दोन थरांत मिळतो.

इथेच तेलाबद्दलही बोलले पाहिजे. हिरव्या पानांचे हे वास पाण्यात फारसे उतरत नाहीत, तेलात उतरतात. तेल पूर्ण काढून टाकले की पाला उकडलेला लागतो आणि आपल्या घरी बहुधा तेच झाले आहे. चार माणसांच्या भाजीला दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे 10 मिलिलिटर तेल पुरते. पण ते नीट तापलेले असावे, मोहरी पूर्ण तडतडलेली असावी आणि हिंग त्यात फुललेला असावा. कोमट तेलातल्या अर्धवट फोडणीने तेल पोटात जाते आणि चव मात्र मिळत नाही.

शेपूपासून सुरुवात करते, कारण आपल्या घरातला सगळ्यात मोठा विरोध तिथे आहे. शेपूचा वास उग्र असतो आणि जास्त शिजवला की त्यातला गोडसर भाग उडून उग्र भागच मागे राहतो. कोवळी जुडी घ्यावी. अर्धी वाटी मुगाची डाळ तासभर भिजवावी. शेपूचे जाड देठ काढून टाकावेत, बारीक देठ वेगळे चिरावेत आणि पाने वेगळी. दोन चमचे तेलात सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून घालाव्यात, त्यांना कडेने बदामी रंग येऊ लागला की दोन हिरव्या मिरच्या आणि बारीक देठ घालावेत. मग निथळलेली डाळ घालून पाण्याचा हबका मारावा आणि मंद आचेवर झाकण ठेवावे. सात-आठ मिनिटांनी डाळीचा एक दाणा बोटांत दाबून पाहावा. तो सुटा राहून मऊ चेपला गेला पाहिजे. त्याचा लगदा झाला तर उशीर झाला असे समजावे. या टप्प्यावर पाने घालावीत आणि झाकण न ठेवता तीन ते चार मिनिटे परतावीत. मीठ सगळ्यात शेवटी घालावे, कारण कढईभर दिसणारा पाला बसल्यावर मूठभर होतो आणि आधी घातलेले मीठ हमखास जास्त होते.

मुलांसाठी पहिले काही दिवस अर्धा शेपू आणि अर्धा पालक घ्यावा. हीच भाजी थंड झाल्यावर घट्ट दह्यात कालवून ज्वारीच्या भाकरीबरोबर द्यावी. दह्यामुळे शेपूचा उग्रपणा बराच झाकला जातो. माझ्याकडे डबा घेणाऱ्या घरांतली दोन मुले भाजी म्हणून शेपू परत पाठवत असत. तीच मुले दह्यातला शेपू वाटी पुसून खाऊ लागली. त्यांना शेपू आवडतच नाही, असे ठरवून मी थांबले असते तर फार चुकले असते.

चटणीवर जरा जास्त थांबते. पुदिन्याची पाने कापली किंवा वाटली की त्यांतले घटक हवेच्या संपर्कात येतात आणि सफरचंदाची फोड जशी तपकिरी पडते तशीच ही चटणीही काळवंडते. मिक्सरचे भांडे तापले की ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणजे काळेपणा दोन ठिकाणांहून येतो, हवेतून आणि उष्णतेतून. लिंबाचे काम मात्र दुहेरी आहे. आंबट पदार्थ हा काळेपणा त्या वेळेपुरता रोखतो, पण तोच आंबटपणा रात्रभर राहिला तर पानांतले हरितद्रव्य मोडतो आणि चटणी शेवाळी रंगाची होते. म्हणून लगेच खायच्या चटणीत लिंबू वाटतानाच पिळावे आणि दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायच्या चटणीत वाढताना पिळावे.

माझी पद्धत अशी आहे. दोन वाट्या कोथिंबिरीला एक वाटी पुदिन्याची पाने घ्यावीत. पुदिना याहून जास्त झाला की चटणीला कडवटपणा येतो आणि ती लवकर काळी पडते. पाने धुऊन, कापडावर पूर्ण कोरडी करून पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावीत. मिक्सरमध्ये आधी एक मोठा चमचा डाळे, जिरे, मिरची, आल्याचा तुकडा आणि मीठ कोरडेच वाटून घ्यावे. मग पाने आणि बर्फाचे दोन-तीन खडे घालून, मिक्सर थांबवत थांबवत, चार-पाच झटक्यांत वाटावे. डाळ्यांमुळे चटणीला पाणी सुटत नाही आणि तेल किंवा खोबरे न घालताही ती भाकरीवर नीट बसते. चटणी लहान बाटलीत अगदी काठोकाठ भरावी, म्हणजे वर हवा राहत नाही. डब्यासाठी करायची असेल तर पुदिन्याची पाने उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. वास थोडा कमी होतो, पण रंग दुपारपर्यंत टिकतो. घरी लगेच खाणार असाल तर हे करू नये; तिथे रंगापेक्षा वास मोलाचा आहे.

उष्णतेचा हा धडा मला फार महागात पडला होता. एका चैत्रात साठ डब्यांसाठी मी हिरव्या वाटणाचा भात केला. वाटण गरम फोडणीत परतले, त्यातच लिंबू पिळले आणि मग भात शिजवला. सकाळी पातेल्यात पोपटी दिसणारा तो भात दुपारी डबे उघडले तेव्हा मातकट झाला होता आणि कोथिंबिरीचा वास कुठे नव्हता. आंबट आणि उष्णता एकत्र आली की हिरवा रंग टिकत नाही, हे त्या दिवशी मला नीट कळले. आता मी भात साधा मोकळा शिजवते, फोडणी वेगळी करते आणि भात कोमट झाल्यावर कच्चे वाटण व लिंबू हलक्या हाताने कालवते. रंग टिकवण्यासाठी कोणी चिमूटभर सोडा घालायला सांगितले तर तो घालू नये. सोड्याने रंग राहतो, पण पाला गिळगिळीत होतो आणि त्यातली काही जीवनसत्त्वे नष्ट होतात.

वास उडू द्यायचा नसेल तर त्याला बंद करून शिजवणे हा आणखी एक मार्ग आहे आणि मुंबईच्या पारशी घरांतली पात्रा नी मच्छी हे त्याचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण आहे. ओले खोबरे, कोथिंबीर, पुदिना, मिरची, लसूण, जिरे आणि लिंबू यांची दाट चटणी पापलेटच्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी लावतात, केळीच्या पानात पुडी बांधतात आणि वाफवतात. पान आधी आचेवरून फिरवून घेतले की मऊ होते आणि घडी घालताना फाटत नाही. पंधरा मिनिटांच्या वाफेत चटणीचा रंग थोडा उतरतो, पण पुडी ताटात उघडेपर्यंत वास आतच कोंडलेला राहतो. तळण नाही, रस्सा नाही आणि तरीही जेवण भरल्यासारखे वाटते. आपल्याकडे मासे चालत नसतील तर हेच तत्त्व कोथिंबिरीच्या वडीत आहे. दोन वाट्या चिरलेल्या कोथिंबिरीला पाऊण वाटी बेसन पुरे. बेसन वाढले की वडी जड होते. उंडा वीस मिनिटे उकडावा, थंड झाल्यावर वड्या कापाव्यात आणि त्या तळण्याऐवजी एक चमचा तेलात मोहरी-तिळाची फोडणी करून तीत हलवून घ्याव्यात. कुरकुरीतपणा मिळत नाही, हे खरे आहे. पण कोथिंबिरीची चव तळलेल्या वडीपेक्षा जास्त लागते.

तेलाने आणि नारळाने येणारा भरीवपणा कमी केला की जिभेला दुसरे काहीतरी लागते. ते काम आंबट पदार्थ करतात आणि या दिवसांत कैरी हाताशी असते. वसंतात जड, तेलकट, गोड आणि आंबट कमी खावे, असे आयुर्वेदातली ऋतुचर्या सांगते, म्हणून मी कैरी चवीपुरतीच वापरते. चार माणसांच्या काकडीच्या कोशिंबिरीत दोन चमचे किसलेली कैरी, भिजवलेली मूगडाळ आणि भरपूर कोथिंबीर घातली की वर दाण्याच्या कुटाची आठवणही येत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ मात्र मी हलक्या पदार्थांत धरत नाही. ती सणाची आहे आणि मला अतिशय प्रिय आहे, पण भिजवून वाटलेली कच्ची हरभऱ्याची डाळ रात्री पोटाला जडच पडते. ती दुपारी आणि वाटीभरच खावी, रात्री करायची झाली तर मुगाच्या डाळीची करावी. पाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पाने आणि फुले, गूळ, चिंच, ओवा, मिरी आणि हिंग एकत्र वाटतो. त्या चमचाभर वाटणात कडू, आंबट, गोड आणि तिखट या सगळ्यांनी मिळून चव उभी राहते आणि तेलाचा एक थेंबही लागत नाही. हलक्या जेवणाची चव कशी बांधावी, हे मी त्या वाटणाकडे पाहूनच शिकले आहे.

ताक हा दुसरा आधार आहे. सासूबाईंसाठी आणि उशिरा घरी येणाऱ्यांसाठी पातळ कढी आणि मऊ गुरगुट्या भात यापेक्षा सोयीचे जेवण मला माहीत नाही. चार वाट्या ताकाला एक मोठा चमचा बेसन आधी थंडच असताना गुठळ्या न ठेवता कालवावे. तूप-जिऱ्याच्या फोडणीत कढीपत्ता, ठेचलेले आले, मिरची आणि कोथिंबिरीचे बारीक चिरलेले देठ परतून त्यात ताक घालावे आणि सतत ढवळत राहावे. कडेला फेस धरू लागला आणि कढी वर येऊ पाहू लागली की गॅस बंद करावा. ती खळखळून उकळू दिली तर फुटते. त्यानंतर मीठ घालावे आणि मूठभर कोथिंबिरीची पाने चुरून घालावीत. खोबऱ्याचे वाटण इथे लागत नाही.

पाला सडतो याचे कारण बहुतेक घरांत एकच असते: तो आणल्या आणल्या धुऊन ओलाच ठेवला जातो. जुडी घरी आली की दोरा लगेच सोडावा, कारण पहिली सड दोऱ्याखालीच सुरू होते. पिवळी आणि चिरडलेली पाने काढावीत, मुळे कापावीत आणि न धुता कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावी. अशी कोथिंबीर चार-पाच दिवस राहते. पुदिन्याच्या काड्या पेलाभर पाण्यात उभ्या ठेवाव्यात आणि पाणी रोज बदलावे. शेपू आणि पालक मात्र दुसऱ्या दिवसाच्या पुढे नेऊ नयेत. धुताना मोठ्या पातेल्यात पाला बुडवून हाताने हलवावा, दोन मिनिटे स्थिर राहू द्यावा आणि मग पाला वरून अलगद उचलून घ्यावा. पातेले चाळणीवर उपडे केले तर तळाशी बसलेली वाळू पुन्हा पाल्यावरच पडते. तळाला बोट फिरवून कच लागत नाही तोवर पाणी बदलावे. शेपूला सहसा तीन पाणी लागते.

सासूबाईंबद्दल एक गोष्ट काळजीने लिहिते. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांपैकी वॉरफरिन त्यांना सुरू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नयेत. हिरव्या पानांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि त्याचा त्या औषधावर परिणाम होतो. तसे असल्यास डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे आणि ते रोज साधारण सारखेच ठेवावे. तसे काही नसेल तर पाला त्यांच्यासाठी अधिक बारीक चिरावा आणि भाजीपेक्षा कढी, वरण किंवा धिरडे यांतून द्यावा. मऊ धिरड्यातले पान दातांना त्रास देत नाही.

पुढच्या आठवड्यात चार जुड्या एकदम न आणता आधी दोनच आणाव्यात, एक कोथिंबीर आणि एक शेपू, त्याबरोबर पुदिन्याच्या दहा-बारा काड्या. पहिल्या रात्री शेपू-मूगडाळ, भाकरी आणि काकडी-कैरीची कोशिंबीर करावी. दुसऱ्या रात्री मुगाची धिरडी आणि ताजी हिरवी चटणी, धिरड्याच्या पिठात उरलेल्या शेपूचे तुरे चिरून घालावेत. तिसऱ्या रात्री कढी आणि गुरगुट्या भात. तोपर्यंत कोथिंबिरीची पाने बरीचशी संपलेली असतील आणि देठ शिल्लक असतील, ते फोडणीत जातील. पुदिन्याच्या उरलेल्या पानांचा मठ्ठा चौथ्या दिवशी दुपारी करावा: ताकात आले, जिरेपूड आणि मीठ घालून, पाने हाताने चुरगळून टाकावीत आणि अर्धा तास माठाजवळ गारव्याला ठेवावा. चौथ्या दिवशी मंडईत जाल तेव्हा कोणत्या रात्री कोणते भांडे रिकामे झाले होते हे आठवून पुढच्या दोन जुड्या निवडाव्यात आणि मुलांनी दह्यातला शेपू खाल्ला की नाही हे मला इथे जरूर कळवावे.